गाण्याआधीची नावं

नमस्कार मंडळी.

मी गात नाही, कुठलं वाद्य वाजवत नाही. मला इथे बोलावलंय ते एक श्रोता म्हणून, आणि त्याचा मला फार आनंद आहे. व्याख्यानमालांमधून गायक बोलतात, संगीतकार बोलतात, समीक्षक बोलतात. समोर बसून ऐकणाऱ्याला माइकपाशी कुणी फारसं बोलावत नाही. तेव्हा आमच्या बाजूचं जे आहे तेच सांगते.

मला गाणं रेडिओनं दिलं, हे तर आहेच. पण रेडिओनं मला गाण्यामागची माणसंही दिली. गाणं सुरू व्हायच्या आधी निवेदक सांगायचे: गीत अमुक यांचं, संगीत तमुक यांचं, गायिका अमुक. जेमतेम दहा सेकंदांचं काम. आजचं माझं बोलणं त्या दहा सेकंदांबद्दल आहे.

आमचं गाव वाईजवळ. घरातला रेडिओ काकांनी आणलेला, व्हॉल्व्हचा. बटण फिरवलं की लगेच आवाज यायचा नाही. आधी काचेमागचा दिवा लागायचा, व्हॉल्व्ह तापायला वेळ घ्यायचे, मग बारीक घुंऽऽ, आणि मग कुठे माणसाचा आवाज. त्यामुळे कार्यक्रमाच्या थोडं आधी रेडिओ लावायचा, हे घरातल्या पोरांनाही ठाऊक. उशीर झाला तर गाणं मिळायचं, पण आधीचं निवेदन हुकायचं. मग शेवटपर्यंत कान लावून बसायचं, कारण कधी कधी गाणं संपल्यावर निवेदक म्हणायचे, ‘आत्ता आपण ऐकलंत...’ आणि नावं पुन्हा घ्यायचे.

आकाशवाणीचं पुणे केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ रोजी, आणि १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, तिथून गीतरामायण सुरू झालं. सीताकांत लाड यांची कल्पना, गदिमांचे, म्हणजे ग. दि. माडगूळकरांचे शब्द, बाबूजींचं, म्हणजे सुधीर फडक्यांचं संगीत; आठवड्याला एक अशी छप्पन्न गाणी. पहिलं प्रसारण मला आठवायचं कारण नाही, मी फार लहान होते. मला आठवतात ती नंतरची प्रसारणं. आता गीतरामायण म्हटलं की आपल्याला एकट्या बाबूजींचा आवाज ऐकू येतो, कारण पुढे जाहीर कार्यक्रम त्यांनी केले आणि रेकॉर्डही त्यांच्या आवाजात निघाल्या. मूळ प्रसारणात मात्र वेगवेगळ्या पात्रांना वेगवेगळे गळे होते. सीता माणिक वर्मांची. आमची आजी पोथी ऐकावी तशी हात जोडून बसायची, आणि माणिकबाईंचं नाव आलं की म्हणायची, “आता सीतामाई बोलंल.” तिला राग-ताल काही कळत नव्हतं. पण हा आवाज कुणाचा आणि हे शब्द कुणी जुळवले, हे तिला पाठ होतं. शाळेची पायरी न चढलेल्या बाईला ‘माडगूळकर’ हे नाव माहीत होतं ते रेडिओमुळे, आणि ही गोष्ट मला आजही फार मोठी वाटते.

शनिवारी रात्री साडेनऊला दिल्लीहून संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम यायचा. तो १९५२ मध्ये सुरू झालेला. त्यात गायकाबरोबर साथीदारांचीही नावं सांगायचे: तबल्यावर कोण, सारंगीवर कोण. मला लहानपणी एका गोष्टीचं मोठं कोडं होतं. आमच्या देवळात भजनाला पेटी, कीर्तनाला पेटी, शाळेच्या स्नेहसंमेलनाला पेटी. मग रेडिओवर पेटी का नाही? उत्तर खूप पुढे मिळालं. आकाशवाणीनं १९४० सालीच हार्मोनियमला बंदी घातली होती. तिचे स्वर पक्के बसवलेले, त्यामुळे मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जाणं, निघत नाही, श्रुती, म्हणजे दोन सुरांमधले बारीक स्वर, सापडत नाहीत, असा आक्षेप. ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. महाराष्ट्रात एवढे थोर पेटीवादक होऊन गेले. त्यांच्यावर हा अन्याय होता असं माझं स्पष्ट मत आहे. वाद्याला बंदी घातली की वाजवणाऱ्याचं नावही निवेदनातून जातं, आणि निवेदनातून गेलेलं नाव आमच्यासारख्या खेड्यातल्या श्रोत्यापर्यंत कधीच पोचत नाही.

नावावरून मोठी भांडणंही झाली आहेत. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, आपलेच मराठी गृहस्थ, १९५२ पासून दहा वर्षं नभोवाणी मंत्री होते. शास्त्रीय संगीतासाठी त्यांनी जे केलं त्याबद्दल मला आदर आहे. सिनेमाची गाणी मात्र त्यांना नकोशी होती. त्या सुमाराला आकाशवाणीनं ठरवलं की गाण्याबरोबर गायकाचं नाव सांगायचं, सिनेमाचं नाही. सिनेमाचं नाव घेणं म्हणजे त्याची फुकट जाहिरात. निर्माते बिथरले आणि त्यांनी गाणी वाजवायची परवानगीच काढून घेतली. मग देशभरच्या श्रोत्यांनी काटा फिरवला तो थेट श्रीलंकेतल्या रेडिओ सिलोनवर. १९५२ च्या डिसेंबरात तिथे बिनाका गीतमाला सुरू झाली. दर बुधवारी रात्री आठला अमीन सायानींचा आवाज. शॉर्टवेव्हवर तो लाटेसारखा जवळ यायचा नि लांब जायचा, आणि नेमकं नाव सांगायच्या वेळी लांब जायचा. काका काटा जेमतेम हलावा इतक्या हलक्या हातानं बटण फिरवायचे. आम्ही सगळे श्वास रोखून. अखेर आकाशवाणीलाही १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली.

याच्याही आधीची गोष्ट आहे ‘महल’ची. १९४९ चा सिनेमा, संगीत खेमचंद प्रकाश यांचं. त्यातलं ‘आएगा आनेवाला’ देशभर गाजलं, पण रेकॉर्डवर गायिकेचं नाव छापलं होतं ‘कामिनी’. कामिनी म्हणजे सिनेमातलं पात्र, मधुबालाचं! तेव्हा ती रीतच होती. ऐकणारे थांबेनात. त्यांनी रेडिओकडे पत्रांवर पत्रं धाडली: ही गाते कोण? रेडिओवाल्यांनी रेकॉर्ड कंपनीकडे चौकशी केली, आणि मग लता मंगेशकर हे नाव सांगितलं गेलं. ती पत्रं कुणी लिहिली? माझ्यासारख्याच लोकांनी. श्रोत्यानं हट्ट धरला म्हणून गायिकेला तिचं नाव मिळालं. पुढे साहिर लुधियानवींनी तसाच आग्रह गीतकारांसाठी धरला.

मी पुढे पोस्टात नोकरीला लागले. रेडिओचं लायसन तेव्हा पोस्टातच मिळायचं. छोटं पुस्तक असायचं, दर वर्षी त्यात तिकिटं चिकटवून शिक्का मारायचा. १९८० नंतरच्या दशकात ते बंद झालं. पण मला खरा जीव होता तो फर्माइशीच्या कार्डांवर. मुंबई केंद्राच्या ‘आपली आवड’ला जाणारी कार्डं शिक्का मारताना डोळ्यांखालून जायची. गाण्याची ओळ एक, आणि खाली नावंच नावं: आई, दादा, वहिनी, बेबी, बाळू, शेजारच्या काकू. जागा संपली की नावं समासातून उभी चढायची, तिथेही मावली नाहीत तर पत्त्याच्या बाजूला उतरायची. एका कार्डावर नव्या सुनेचं नाव वेगळ्या शाईनं मागाहून घातलेलं होतं. कार्ड लिहून झाल्यावर कुणाला तरी तिची आठवण झाली असणार. तिकडे झारखंडातल्या, म्हणजे तेव्हाच्या बिहारमधल्या, झुमरी तिलैया गावाचं नाव तर अशा फर्माइशींनीच साऱ्या देशाला पाठ करून दिलं. रेडिओ कलावंताचं नाव आमच्यापर्यंत आणायचा आणि आमचं नाव परत हवेत सोडायचा. एवढी बरोबरी दुसऱ्या कुठल्या माध्यमानं मला दिली नाही.

आता एक गंमत बघा. आपण आयुष्यात रेडिओवर सगळ्यांत जास्त वेळा काय ऐकलं? सकाळी केंद्र उघडताना वाजणारी ती धून. खाली तंबोरा, वर व्हायोलिन, शिवरंजनी रागाचे सूर. तिच्या आधी कधी कुणाचं नाव सांगितलं गेलं नाही. ती बांधली वॉल्टर काउफमन यांनी. हिटलरच्या छळातून वाचलेले युरोपातले ज्यू संगीतकार. १९३४ मध्ये ते मुंबईत आले, पुढे मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा विभाग त्यांनी सांभाळला, आणि १९४६ मध्ये देश सोडून गेले. हे मला कळलं ते निवृत्तीनंतर वाचनालयात बसून. त्या दिवशी घरी येऊन मी सगळ्यांना बोलावून सांगितलं. ज्यांनी माझी प्रत्येक सकाळ उघडून दिली, त्यांचं नाव घ्यायला इतकी वर्षं लागली, याची मला अजून रुखरुख आहे.

आज नातीच्या फोनवर हवं ते गाणं क्षणात लागतं. मला ते आवडतं, मी रोज ऐकते. पण पडद्यावर बहुतेक वेळा गायकाचं नाव असतं, संगीतकाराचं कधी असतं कधी नसतं, आणि कवीचं तर शोधावं लागतं. २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीत हक्काचा वाटा दिला, फार चांगलं झालं. पण कायदा पैसे देईल. गाणं लागल्यावर नाव घ्यायचं काम घरातल्या कुणीतरी करायला हवं. आमच्याकडे ते मी करते. गाणं लागलं की आधी सांगते: शब्द यांचे, चाल यांची. नात सुरुवातीला वैतागायची. आता मी विसरले तर तीच विचारते.

माझ्याकडे जुन्या वह्या आहेत. गाणं, कवी, संगीतकार, गायक असे रकाने, आणि शेवटचा रकाना वादकांचा. पहिले चार भरलेले आहेत. पाचव्यात गीतरामायणापुढे व्हायोलिनसाठी प्रभाकर जोग लिहिलंय, अशी आणखी काही नावं आहेत, आणि बाकीची पानंच्या पानं कोरी आहेत. भावगीतांमधली बासरी, सतार, क्लॅरोनेट वाजवणारे हे लोक याच महाराष्ट्रात राहत होते, स्टुडिओत बसून वाजवत होते, संध्याकाळी आपापल्या घरी जात होते. आज या सभागृहात आकाशवाणीत काम केलेले काही जण आहेत, काही वादकांच्या घरचेही आहेत असं मला संयोजकांनी सांगितलं. मी वह्या घेऊन आले आहे. कार्यक्रम संपल्यावर त्या टेबलापाशी बसणार आहे. तुम्हाला जे नाव ठाऊक असेल ते येऊन सांगा, मी लिहून घेते.