टाऊन हॉलपासून मोजलेलं पाणी

(पाऊस. तानसा धरणाच्या भिंतीवरून सरकणारा कॅमेरा.)

ही भिंत लवकर संपत नाही. पायी निघालात तर अर्धा तास सहज जाईल. लांबी सुमारे 2.8 किलोमीटर, आणि सगळी दगडाची. तालुका शहापूर, जिल्हा ठाणे. साल 1892. बांधली ती मुंबईला पाणी मिळावं म्हणून.

जवळून बघा. दगडात दगड बसवलाय, मध्ये चुना. एकेक दगड फोडून, घडवून, उचलून इथवर आणलेला. सव्वाशेहून जास्त पावसाळे झाले, सांधे अजून धरून आहेत. उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन आले होते, ते नाव सापडतं. छिन्नी ज्यांच्या हातात होती, त्यांचं नाही.

(जुनी मुंबई, छायाचित्रं.)

त्याआधीची मुंबई विहिरींवर आणि तलावांवर जगायची. धोबी तलाव, गोवालिया टँक: पाणी गेलं, नावं राहिली. 1860 मध्ये विहार तलावाचं पाणी नळाने शहरात आलं. चारच वर्षांनी शिरगणती झाली आणि माणसं भरली आठ लाख सोळा हजार. विहार अपुरा पडला, म्हणून 1879 मध्ये तुळशी तलाव. तोही अपुरा पडला, आणि मग मुंबईची नजर थेट शहापूरच्या डोंगरांवर गेली. तिथून ती हटलीच नाही. 1957 मध्ये वैतरणेवर मोडक सागर, नगर अभियंता ना. वि. मोडक यांच्या नावाचा. त्यानंतर ऊर्ध्व वैतरणा, भातसा, 2014 मध्ये मध्य वैतरणा. 1951 मध्ये तीस लाखांच्या आसपास असलेली बृहन्मुंबई 2011 मध्ये एक कोटी चोवीस लाखांवर गेली. या धरणांखाली गावं गेली, शेतं गेली, जंगल गेलं.

(पातळी दाखवणारी पट्टी, क्लोज-अप.)

आता हा आकडा. पाणी 128.63 मीटरला पोचलं की तानसा भरून वाहू लागतं. हे मीटर समुद्रसपाटीपासूनचे नाहीत बरं का. ही पातळी ‘टीएचडी’त मोजतात, म्हणजे टाऊन हॉल डेटम: टाऊन हॉलला आधार धरून केलेलं मोजमाप. फोर्टातला तोच टाऊन हॉल, ज्याच्या पायऱ्यांवर आज एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाचे वाचक आणि फोटो काढणारी जोडपी बसलेली असतात. तळं शहापूरचं, मोजमाप फोर्टातलं.

(तुळशी ओसंडताना.)

हे दृश्य तुम्ही दर पावसाळ्यात बातम्यांत पाहता. ‘तुळशी भरला!’ भरतो, आणि सुंदरही दिसतो. पण सगळा तुळशी मिळून 804 कोटी 60 लाख लिटर. मुंबईला रोज जवळपास 385 कोटी लिटर जातं. म्हणजे दोन दिवसांचं पाणी. सातही तलावांचा मिळून साठा 1 लाख 44 हजार कोटी लिटरच्या वर, आणि त्यातला निम्मा एकट्या भातसात. आनंद साजरा करायचा तर तिकडे बघून करावा.

(जलवाहिन्या, ड्रोन.)

तानसातून निघालेलं पाणी उतारानेच शहराकडे येतं. भातसाचं आधी नदीत सोडतात, पिसे बंधाऱ्यापाशी अडवतात आणि पंपाने उचलतात. माणूस आत ताठ उभा राहील एवढे हे नळ रानातून, भातशेतांतून, घरांच्या परसातून जातात. नळाच्या कडेची वाट गावकऱ्यांच्या रोजच्या येण्याजाण्याची.

(मे महिना. टँकर. हंडे.)

हाही शहापूर तालुकाच.

(दृश्य मूळ आवाजावर. निवेदन नाही.)

(पहाट. गल्ली.)

शुद्ध होऊन, जमिनीखालच्या बोगद्यांतून, टेकड्यांवरच्या टाक्यांतून पाणी इथवर येतं. पुढचं काम चावीवाल्याचं. लोखंडी झाकण बाजूला होतं, लांब दांड्याची चावी व्हॉल्व्हवर बसते आणि तो फिरवू लागतो. कुठल्या गल्लीला किती फेरे, हे त्याच्या हाताला पाठ आहे. फेरे मोजताना तो कोणाशी बोलत नाही, आमच्याशीही बोलला नाही.

नळ आधी नुसती हवा सोडतो. खिडकीत दिवा लागतो. कोणीतरी बादली सरकवतं.