राजाचं स्टेशन, दलदलीतलं स्टेशन

नमस्कार श्रोतेहो.

डिसेंबरचा तिसरा आठवडा, लंडनचं किंग्ज क्रॉस स्टेशन. नाताळसाठी घरी निघालेली माणसं बॅगा ओढत गाडीकडे चालली आहेत. त्यांच्यातच डोक्याला रुमाल बांधलेल्या एक वयस्क बाई येतात आणि पहिल्या वर्गाच्या डब्यात चढतात. २००९ साली वर्तमानपत्रांत या प्रवासाचे फोटो छापून आले, आणि इंग्लंडच्या राणी दुसऱ्या एलिझाबेथ नाताळला सँड्रिंगहॅमच्या आपल्या घरी साध्या प्रवासी गाडीने जातात, हे जगभर माहीत झालं. डब्यातला थोडा भाग त्यांच्यासाठी आणि अंगरक्षकांसाठी राखलेला. बाकी गाडी रोजची, थांबेही रोजचे. केंब्रिज, ईली, डाउनहम मार्केट करत पावणेदोन तासांच्या आसपास नॉरफोक परगण्यातलं किंग्ज लिन येतं. तिथे रूळ संपतात. पुढे मोटार.

पण सँड्रिंगहॅमचं खरं स्टेशन किंग्ज लिन नव्हे. ते होतं वुल्फरटन. राजवाड्यापासून दोन-अडीच मैलांवरचं हे खेडं. १८६२ साली किंग्ज लिनहून समुद्रकाठच्या हन्स्टंटनला जाणारा फाटा सुरू झाला, आणि त्याच वर्षी व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या मुलासाठी सँड्रिंगहॅमची जमीन घेतली गेली. मग काय विचारता! त्या खेड्यातल्या स्टेशनावर राजघराण्यासाठी वेगळं प्रतीक्षालय उभं राहिलं, दिव्यांच्या खांबांवर मुकुट बसले. युरोपातले राजे इथे उतरले. जानेवारी १९३६ मध्ये पाचव्या जॉर्जची आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये सहाव्या जॉर्जची शवपेटी इथूनच गाडीने लंडनला गेली. आपल्या वडिलांचा शेवटचा प्रवास ज्या फलाटावरून सुरू झाला, तो एलिझाबेथ राणींसाठी नुसता फलाट उरला असेल, असं मला वाटत नाही.

आणि तरीही १९६९ मध्ये हा फाटा बंद झाला. उन्हाळ्यात हन्स्टंटनच्या समुद्रावर जाणाऱ्यांची गर्दी व्हायची, हिवाळ्यात डबे रिकामे. घरोघरी मोटारी आल्या होत्या. राजाचं स्टेशन म्हणून हिशेबात सूट मिळाली नाही. गादीवर बसलेल्या राणीच्या दारातलं स्टेशन तिच्या डोळ्यांदेखत गेलं. यवतमाळ–मूर्तिजापूर मार्गावरच्या आपल्या बंद पडलेल्या शकुंतला गाडीची वाट पाहणाऱ्या श्रोत्यांना हे वेगळं सांगायला नको.

मग किंग्ज लिनचा मार्ग का टिकला? त्यावरून रोज माणसं जात होती म्हणून. केंब्रिजला नोकरीला, कॉलेजला, दवाखान्याला जाणारी माणसं. १९९२ मध्ये तिथे वीज आली आणि लंडनची थेट विजेची गाडी धावू लागली. राणी साध्या गाडीत बसल्या याचं आपल्याला अप्रूप वाटतं. मला मात्र त्या गाडीतले बाकीचे प्रवासी जास्त महत्त्वाचे वाटतात. ती गाडी वर्षभर जिवंत ठेवली होती त्यांनी. डिसेंबरात एक दिवस राणी तिच्यात बसल्या.

याच नॉरफोकमध्ये आणखी एक स्टेशन आहे, बर्नी आर्म्स. नॉरिच आणि ग्रेट यारमथच्या मधल्या दलदलीत, १८४४ पासूनचं. रेल्वेला जमीन देताना तिथल्या जमीनदाराने अट घातली, की माझ्या जमिनीवर स्टेशन हवं. स्टेशन झालं. त्याला जाणारा रस्ता आजही नाही. चालत जा, होडीने जा, नाहीतर गाडीने. फलाट जेमतेम एका डब्याएवढा, आजूबाजूला गवत, पाणी, पक्षी आणि एक जुनी पवनचक्की. २०१९-२० या वर्षात तिथे ये-जा करणारे प्रवासी मोजले गेले, ४२. सिग्नलच्या कामासाठी तो मार्ग त्या वर्षात जवळजवळ सगळा काळ बंद होता, हेही सांगायला हवं, नाहीतर आकडा त्या स्टेशनावर अन्याय करतो.

वुल्फरटनपर्यंत रस्ता होता, म्हणून गाडीवाचून तिथल्या लोकांचं चालून गेलं. बर्नी आर्म्सला गाडी हाच रस्ता. दोन्ही स्टेशनं एकाच परगण्यात, आणि त्यांपैकी मुकुटवाल्या स्टेशनावर गाडी येत नाही.

राजघराण्याची खास गाडीही आता २०२७ पर्यंत निवृत्त व्हायची आहे, तसं २०२५ मध्ये जाहीर झालं आहे. वुल्फरटनच्या स्टेशनात आज लोक घर करून राहतात. रूळ उखडले गेले, खांबांवरचे मुकुट मात्र जपलेत.

आणि बर्नी आर्म्सला? तिथे गाडी आपणहून थांबत नाही. फलाटावर उभं राहायचं, लांबून गाडी दिसली की हात वर करायचा. ड्रायव्हर बघतो, आणि त्या एका माणसासाठी गाडी थांबवतो.