चमचाभर तेल आणि वीस गुंठे पाणी

श्रोतेहो, लिपिड म्हणजे तेल, चरबी, कोलेस्टेरॉल अशा पाण्यात न विरघळणाऱ्या पदार्थांचं कुटुंब. लिपिड म्हटलं की आपल्याला आठवतो तो रक्ततपासणीचा रिपोर्ट. फार तर अंगावरची चरबी. चरबी म्हणजे साठवलेलं इंधन, हे खरंच आहे. एका ग्रॅममागे 9 कॅलरी मिळतात, पिठूळ पदार्थांच्या दुपटीहून जास्त. पण लिपिडचं मोठं काम वेगळंच आहे. आपल्या प्रत्येक पेशीला ‘आत’ आणि ‘बाहेर’ आहे, ते लिपिडमुळे. आज मी मुख्यतः त्याविषयी बोलणार आहे.

लंडनमधल्या क्लॅपहॅमच्या तळ्यात बेंजामिन फ्रँकलिननं एकदा चमचाभर तेल ओतलं. तेल पसरत गेलं आणि सुमारे अर्ध्या एकरावरचं पाणी शांत झालं. ही हकिगत 1774 साली छापून आली. अर्धा एकर म्हणजे आपले वीस गुंठे, साधारण 2000 चौरस मीटर. आता चमच्यातलं 5 मिलीलिटर तेल एवढ्या जागेवर पसरा आणि भागाकार करा. थराची जाडी येते अडीच नॅनोमीटर, म्हणजे जेमतेम एका रेणूएवढी! फ्रँकलिननं हा भागाकार केला नाही. पुढे जर्मनीत आग्नेस पॉकेल्स या घर सांभाळणाऱ्या बाईंनी स्वयंपाकघरातच पत्र्याचं उथळ पात्र वापरून असे थर बारकाईनं मोजले. त्यांचं काम 1891 साली ‘नेचर’मध्ये आलं. विद्यापीठाची पायरी चढायला न मिळालेल्या या बाईंचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

हीच पद्धत 1925 साली हॉलंडमध्ये खोर्टर आणि ग्रेंडेल यांनी रक्तावर वापरली. त्यांनी तांबड्या पेशी निवडल्या, आणि ही निवड फार नेमकी होती. सस्तन प्राण्यांच्या तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, आत दुसरं कुठलंही पटल, म्हणजे पातळ आवरण, नसतं. तिच्यातून जेवढं लिपिड निघेल ते सगळं बाहेरच्या आवरणाचं. माणूस, कुत्रा, मेंढी, ससा अशांच्या पेशी मोजून घेतल्या, अ‍ॅसिटोननं लिपिड काढलं, ते बेंझिनमध्ये विरघळवून पाण्यावर सोडलं. बेंझिन उडून गेलं, मागे थर उरला. तो पेशींच्या एकूण पृष्ठभागाच्या दुप्पट भरला. म्हणजे आवरणात लिपिडचे दोन थर आहेत. गंमत अशी की त्यांच्या मापनात दोन चुका होत्या. अ‍ॅसिटोननं सगळं लिपिड निघत नव्हतं, आणि पेशीचा पृष्ठभागही त्यांनी कमी धरला होता. दोन्ही चुकांनी एकमेकींना खोडलं आणि उत्तर बरोबर आलं.

दोनच थर का? तेलाच्या रेणूत ग्लिसरॉल या छोट्या रेणूच्या तिन्ही हातांना मेदाम्लं, म्हणजे कार्बनच्या लांब साखळ्या, जोडलेली असतात. पेशीच्या आवरणातलं लिपिड मुख्यतः फॉस्फोलिपिड. त्यात दोन हातांना मेदाम्लं आणि तिसऱ्याला फॉस्फेटचा विद्युतभारित गट. हे त्याचं डोकं, त्याला पाणी मानवतं. मेदाम्लांच्या शेपट्यांना मात्र पाण्याचे रेणू धरू शकत नाहीत. शेपट्यांभोवती पाण्याच्या रेणूंना अडकून, ठरावीक मांडणीतच राहावं लागतं. शेपट्या एकमेकींत शिरल्या की ते पाणी मोकळं होतं. म्हणून डोकी दोन्हीकडे बाहेर, शेपट्या मध्ये, असं पटल आपोआप जमतं. त्याला गवंडी लागत नाही.

आता या शेपट्यांकडे जरा जवळून पाहू. स्टिअरिक आणि ओलिइक, दोन्ही 18 कार्बनची मेदाम्लं. स्टिअरिकची साखळी सरळ, त्यामुळे रेणू दाटीनं बसतात. ते 69 अंशांच्या आसपास वितळतं. ओलिइकमध्ये मधोमध एक दुहेरी बंध आहे आणि तिथे साखळी वाकते. एवढ्या एका बाकानं वितळणबिंदू 13 अंशांवर उतरतो! थंडीत खोबरेल थिजतं आणि शेंगदाण्याचं तेल पातळ राहतं, त्याचं कारण हेच. खोबरेलात जवळजवळ सगळ्या साखळ्या सरळ असतात.

पेशीला पटल थिजलेलं चालत नाही, कारण त्यातल्या प्रथिनांना हलावं लागतं. गार पाण्यातले मासे म्हणून पटलात वाकड्या साखळ्यांचं प्रमाण वाढवतात. आपल्या पटलात कोलेस्टेरॉलही हेच सांभाळतं: उष्णतेत पटल फार सैल पडू देत नाही, थंडीत गोठू देत नाही. त्याचं नाव निव्वळ शत्रू म्हणून घेतलं जातं, ते मला पटत नाही. रक्तात ते जास्त झालं तर जरूर काळजी घ्यावी, पण त्याच्याशिवाय आपली एकही पेशी धड राहणार नाही.

राहिलं वनस्पती तूप. तेलात अर्धवट हायड्रोजन भरताना काही दुहेरी बंध शिल्लक राहतात, पण त्यांची दिशा फिरते आणि बाक जातो. ओलिइकचं हे ट्रान्स भावंड 44 अंशांच्या आसपास वितळतं. तूप घट्ट आणि टिकाऊ होतं, पण ही ट्रान्स मेदाम्लं रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात आणि चांगलं कमी करतात. म्हणूनच भारतात जानेवारी 2022 पासून तेला-तुपात त्यांचं प्रमाण 2 टक्क्यांपर्यंतच ठेवण्याचं बंधन आहे. डबा घेताना ‘ट्रान्स फॅट’ची ओळ जरूर वाचा.