काउबॉय नेमबाजी : काडतुसांच्या टेबलावरून

ॲरिझोनातील फीनिक्स शहराच्या उत्तरेला बेन ॲव्हरी नावाचे विस्तीर्ण नेमबाजीचे मैदान आहे. हिवाळा सरत आला की तेथे ‘विंटर रेंज’ ही काउबॉय ॲक्शन शूटिंगची राष्ट्रीय स्पर्धा भरते. रुंद काठाच्या टोप्या, चामडी कमरपट्टे आणि एकदा नोंदले गेले की दुसऱ्या कोणालाही न मिळणारी टोपणनावे, हे सारे पाहणाऱ्याच्या डोळ्यांत लगेच भरते. टायमर वाजताच स्पर्धक दोन रिव्हॉल्व्हरमधून दहा, लिव्हर रायफलीतून (खालची दांडी पुढे-मागे करून भरायच्या रायफलीतून) दहा आणि छर्ऱ्याच्या बंदुकीतून चार बार काढतो, आणि तो निष्णात असेल तर वीस सेकंदांच्या आत मोकळा होतो. तेवढ्या वेळात एकही शस्त्र अडू नये यासाठी घरच्या टेबलावर जे काम चालते, ते कोणत्याही प्रेक्षकाला दिसत नाही. हा माहितीपट त्या कामाविषयी आहे.

हा खेळ तसा जुना नाही. दक्षिण कॅलिफोर्नियातील काही नेमबाजांनी १९८२ मध्ये ‘एंड ऑफ ट्रेल’ ही पहिली स्पर्धा भरवली आणि १९८७ मध्ये सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी ही या खेळाची संघटना स्थापन झाली. शस्त्रे मात्र एकोणिसाव्या शतकातील घडणीचीच लागतात. कोल्ट कंपनीचे १८७३ चे रिव्हॉल्व्हर आणि विंचेस्टर कंपनीची त्याच वर्षीची रायफल ही त्यांतली मानाची जोडी. अस्सल जुनी शस्त्रे आता संग्राहकांकडे गेली असल्यामुळे मैदानात दिसतात त्या बहुतेक इटलीतील ब्रेशा प्रांतात उबेर्ती आणि पिएत्ता या कारखान्यांनी घडवलेल्या प्रतिकृती असतात. त्यांच्या जोडीला अमेरिकन बनावटीचे रुगर व्हाकेरो हे रिव्हॉल्व्हरही पुष्कळांच्या कमरेला असते.

सहा फेऱ्यांच्या साध्या स्थानिक स्पर्धेतही रिव्हॉल्व्हर आणि रायफल मिळून एकशे वीस काडतुसे लागतात, आणि सराव करायचा तर त्याच्या कितीतरी पट. दुकानातील तयार काडतुसे महाग पडतात, शिवाय त्यांतली बरीचशी या खेळाला लागतात त्यापेक्षा जोरकस असतात. येथील पोलादी लक्ष्ये रिव्हॉल्व्हरसाठी जेमतेम सात ते दहा यार्डांवर मांडलेली असतात. म्हणून नियमाने गोळी शिशाचीच हवी, तांब्याच्या कवचाची चालत नाही. शिसे पोलादावर आदळून चुरा होते, पण कवचाचे धारदार तुकडे उलटून नेमबाजाकडे किंवा प्रेक्षकांकडे येऊ शकतात. वेगालाही मर्यादा आहे: रिव्हॉल्व्हरच्या गोळीचा वेग सेकंदाला हजार फुटांच्या आत आणि रायफलीच्या गोळीचा चौदाशे फुटांच्या आत असावा लागतो. अशा बेताच्या जोराचे आणि आपल्या शस्त्राला नेमके मानवणारे काडतूस हवे असेल, तर ते स्वतः भरणे हाच उत्तम मार्ग ठरतो.

वापरलेली पितळी पुंगळी हे या कामातले खरे भांडवल आहे, कारण ती पुन्हा पुन्हा भरता येते. प्रथम अक्रोडाच्या कवचाच्या किंवा मक्याच्या बुरकुंडाच्या भरडीत पुंगळ्या तासन्‌तास घोळवल्या जातात आणि त्यावरची काजळी निघून जाते. मग प्रत्येक पुंगळी हातात घेऊन तिच्या तोंडाला चीर गेली आहे का, हे पाहायचे. बार उडताना फुगलेली पुंगळी प्रेस या दाबयंत्रातील पहिल्या साच्यातून गेली की मूळ मापावर येते आणि जळालेला प्राइमर, म्हणजे दारू पेटवणारी बुडाची छोटी टोपी, खाली पडतो. त्यानंतर नवा प्राइमर बसतो, तोंड किंचित रुंदावते, दारू पडते, गोळी बसते आणि शेवटी पुंगळीची कड गोळीवरील खाचेत आत वळवली जाते. ही वळवलेली कड दिसते तितकी क्षुल्लक नाही. रायफलीत काडतुसे साठवणाऱ्या नळीसारख्या मॅगझिनमधील स्प्रिंग गोळीला मागे पुंगळीत दाबत असते, रिव्हॉल्व्हरचा झटका गोळीला पुढे ओढत असतो, आणि या दोन्ही ताणांत गोळीला जागेवर धरून ठेवणारी गोष्ट ती कडच असते.

या साऱ्या क्रमात जीव मुठीत धरून करावे असे एकच काम आहे, ते म्हणजे दारू मोजणे. पॉइंट फॉर्टीफाइव्ह कोल्ट या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची लांब पुंगळी मुळात चाळीस ग्रेन (सुमारे अडीच ग्रॅम) काळी दारू सामावण्यासाठी आखलेली होती. आजच्या धूरविरहित दारूची मात्रा तिच्या तुलनेने इतकी थोडी असते की ती पुंगळीच्या तळाशी पडून राहते. चुकून दुप्पट दारू पडली तरी ती पुंगळीबाहेर सांडत नाही, आणि असे काडतूस रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर, म्हणजे काडतुसे बसणारा फिरता भागच, फोडू शकते. उलट दारू पडलीच नाही, तर प्राइमरच्या जोराने गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन अडकते. नेहमीच्या धमाक्याऐवजी नुसते फुस्स ऐकू येते, आणि त्या क्षणी टायमर धरणाऱ्या पंचाने नेमबाजाला थांबवले नाही, तर पुढचा बार अडकलेल्या गोळीवर जाऊन नळी फुगते किंवा फुटते. म्हणून अनुभवी माणूस प्रेसवर दिवा लावतो आणि गोळी बसवण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीत डोकावतो. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा असतो, मात्रा उत्पादकाच्या छापील पुस्तिकेतूनच घेतली जाते, आणि तराजू दर सत्राला शून्यावर आणून तपासला जातो. फोनवर बोलत किंवा सामना पाहत काडतुसे भरणाऱ्याच्या शेजारी मैदानात कोणी उभे राहू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता या रायफलीकडे जवळून पाहू. विंचेस्टर ७३ च्या बाजूचा एक स्क्रू काढला की दोन्ही कुशीच्या पट्ट्या निघतात आणि आतले सांधे उघडे पडतात. गुडघ्यासारखे दुमडणारे हे सांधे लिव्हर पुढे ढकलताच मोडतात आणि ती मागे ओढताच सरळ रेषेत येऊन बोल्टला, म्हणजे काडतुसाला मागून बंद करणाऱ्या भागाला, आधार देतात. मध्ये पितळेचा एक ठोकळा सरळ वर-खाली होतो. मॅगझिनमधून आलेले काडतूस या ठोकळ्यात पूर्ण बसले, तरच ठोकळा वर चढतो. काडतूस जरा लांब झाले, तर गोळीचे टोक मॅगझिनमध्येच राहते. जरा आखूड झाले, तर मागच्या काडतुसाची कड ठोकळ्यात शिरते. दोन्ही प्रकारांत रायफल जागच्या जागी अडते आणि स्पर्धकाचे मौल्यवान सेकंद निघून जातात. कॅलिपर घेऊन काडतुसाची लांबी मोजण्याची सवय या रायफलीनेच लावलेली आहे. तिच्या मॅगझिनमध्ये काडतुसे एकामागे एक उभी असल्यामुळे गोळीचे नाकही चपटे ठेवावे लागते. टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या प्राइमरवर टेकली, तर धक्क्याने बार होण्याचा धोका असतो.

काळी दारू वापरणाऱ्यांचा गट वेगळा आहे, आणि या खेळाचे जुनेपण खऱ्या अर्थाने तेच टिकवून आहेत. सोरा, कोळसा आणि गंधक यांची ही दारू उडाली की लक्ष्य धुरात दिसेनासे होते आणि दिवाळीच्या रात्रीसारखा वास मैदानभर पसरतो. तिच्यात पुंगळीत पोकळी ठेवून चालत नाही, गोळी दारूला टेकलेलीच असावी लागते. गोळीच्या खाचांत भरायचे वंगणही मेण आणि चरबीचे, मऊ असावे लागते, कारण खनिज तेलाचे वंगण या काजळीत मिसळले की नळीत डांबरासारखा कठीण थर जमतो. अशा लोकांना पॉइंट फॉर्टीफोर-फॉर्टी हे १८७३ च्या रायफलीचे मूळ काडतूस प्रिय असते. त्याच्या पुंगळीची मान पातळ असल्यामुळे ती बार उडताच फुगून चेंबर (काडतूस बसण्याची जागा) बंद करते आणि काजळी मागे यंत्रात येत नाही. फॉर्टीफाइव्ह कोल्टची जाड पुंगळी हलक्या मात्रेला तेवढी फुगत नाही, त्यामुळे रायफल आतून लवकर काळवंडते. मात्र ती पातळ मान गोळी बसवताना जरा तिरकी पकडली गेली तरी चुरगळते. हे काडतूस भरायला धीर लागतो, आणि ज्यांच्याकडे तो आहे त्यांचे आम्हाला मनापासून कौतुक वाटते.

काळ्या दारूची काजळी हवेतील ओलावा शोषून घेते आणि पोलादाला गंज चढवते. म्हणून स्पर्धा संपल्यावर साफसफाई लांबणीवर टाकता येत नाही. सुदैवाने ही काजळी पाण्यात विरघळते, त्यामुळे नळी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून, मग हलका तेलाचा हात फिरवला की पुरते. रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर ज्या खिळीवर फिरतो, ती खिळी काढून तिला ग्रीस लावणे कोणी विसरत नाही, कारण काजळीने आधी तीच जखडते. कोल्टच्या जुन्या रचनेतील चपट्या स्प्रिंगा कधी ना कधी तुटतात, म्हणून त्यांचा एक जोड खोक्यात असतोच. व्हाकेरोमध्ये वळ्यांच्या स्प्रिंगा असल्यामुळे ही चिंता कमी होते. घोडा हलका व्हावा म्हणून मुख्य स्प्रिंग कमकुवत करण्याचा मोह अनेकांना होतो, पण ती अति कमकुवत झाली की प्राइमर उडतच नाही. लिव्हरचा प्रवास कमी करणारे सुटे भाग मिळतात, ते मात्र जाणत्या कारागिराकडून बसवून घेणे चांगले.

शस्त्रे स्वच्छ करताना शिशाची धूळ हाताला लागते. हातमोजे, खेळती हवा आणि काम संपल्यावर साबणाने धुतलेले हात, एवढी काळजी घ्यावीच, आणि या टेबलापाशी कोणी खाऊ-पिऊ नये. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरायला केंद्रीय परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. भारतात मात्र १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे, हे या माहितीपटाच्या मराठी प्रेक्षकांनी लक्षात ठेवावे.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी प्रत्येक काडतूस मापाच्या पोलादी साच्यात टाकून पाहिले जाते. ते स्वतःच्या वजनाने आत गेले आणि उलटे करताच बाहेर पडले, तर ते डब्यात जाते. प्राइमर वर आलेला असेल, तर तर्जनीच्या टोकाला तो लगेच लागतो आणि असे काडतूस बाजूला काढले जाते, कारण त्याने सिलिंडर अडतो. डब्यावरच्या चिठ्ठीवर तारीख, दारूचे नाव, तिची मात्रा आणि गोळीचे वजन लिहिलेले असते. मैदानात त्या डब्यातील एक जरी काडतूस फुसके निघाले, तर उरलेला सगळा डबा घरी परत येतो आणि हातोडीसारख्या गोळीकाढू साधनाने त्यातले प्रत्येक काडतूस सुटे केले जाते.