हळद, पोट आणि ‘फरक पडला’

मिरजेत मी नवा नवा डॉक्टर होतो तेव्हाची गोष्ट. सांगलीच्या मार्केट यार्डातला एक हमाल पोट दुखतंय म्हणून ओपीडीत आला. हात पिवळे, नखं पिवळी, सदरा पिवळा, कानामागची घडीसुद्धा पिवळी. मी मोठ्या रुबाबात केसपेपरवर ‘कावीळ?’ असं लिहिलं आणि रक्त तपासायची चिठ्ठी फाडली. आमचे सर पलीकडच्या टेबलावर बसायचे. ते उठून आले, त्या माणसाची खालची पापणी अंगठ्यानं ओढली आणि मला म्हणाले, “बघ.” डोळा कवडीसारखा पांढरा! कावीळ असती तर ती डोळ्याच्या पांढऱ्या भागात आधी दिसली असती. हळदीची पूड कातडीवर बसते, पण डोळ्याला ती रंगवत नाही. हमाल हसत म्हणाला, “सायब, आमी समदीच पिवळी असतोय की.”

संयोजकांनी आज ‘हळद आणि पचनाचे विकार’ हा विषय दिला, तेव्हा मला तो हमालच आठवला. हळदीच्या पेढीवरची मंडळी पुढच्याच रांगेत बसलीयत. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान मलाही आहे. तरी मी जरा स्पष्ट बोलणार आहे, सांभाळून घ्या.

२०२३ च्या सप्टेंबरात एक बातमी फिरली, ‘ॲसिडिटीच्या गोळीइतकीच हळद गुणकारी’. ती मला निदान पंधरा जणांनी पाठवली, त्यातले चार हळदीचे व्यापारी. मी मूळ संशोधन काढून वाचलं. थायलंडमधलं काम होतं. पोट डब्ब होणं, चार घास खाल्ले की पोट भरणं, वरच्या पोटात जळजळ, आणि दुर्बीण टाकून बघावं तर आत सगळं ठीक, अशा त्रासाचे २०६ रुग्ण. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे तीन गट पाडले. एकाला कुरकुमिन, म्हणजे हळदीतलं पिवळं द्रव्य, दुसऱ्याला ओमेप्राझोल, म्हणजे ॲसिडिटीची गोळी, तिसऱ्याला दोन्ही. कुणाला काय मिळतंय ते रुग्णाला कळू नये म्हणून जोडीला कोऱ्या, म्हणजे आत औषध नसलेल्या, कॅप्सूलही दिल्या. २८ आणि ५६ दिवसांनी विचारलं. तिन्ही गटांना सारखाच आराम.

काम चांगलं होतं, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण त्यात एक गट नव्हता, नुसत्या कोऱ्या कॅप्सूल घेणाऱ्यांचा. हे एवढं महत्त्वाचं का, ते सांगायला जरा मागं जावं लागेल.

१९६२ साली अमेरिकेत ओवेन वांगेनस्टीन नावाच्या मोठ्या सर्जननी अल्सरवर एक नवा उपचार जाहीर केला. रुग्णानं नळीला लावलेला फुगा गिळायचा आणि शून्याखाली गार केलेलं अल्कोहोल त्या फुग्यातून पोटात खेळवायचं. जठर गोठलं की आम्ल कमी होईल आणि अल्सर भरेल, असा हिशेब. रुग्ण उठून सांगायचे, दुखायचं थांबलं. यंत्रं भराभर खपली, हजारो लोकांची जठरं गार झाली. यात कुणी फसवत नव्हतं हो! डॉक्टरही प्रामाणिक आणि रुग्णही.

मग काही डॉक्टरांनी १६० रुग्ण घेतले. ८२ जणांचं जठर खरोखर गोठवलं. ७८ जणांनी फुगा तसाच गिळला, घशाला नळी तशीच गार लागली, यंत्रही तसंच घुमलं, पण ते गार अल्कोहोल पोटात पोचायच्या आतच परत फिरवलं होतं. १९६९ साली निकाल छापून आला. खरं गोठवलेल्यांपैकी ३४ टक्के सुधारले आणि नुसतं नाटक केलेल्यांपैकी ३८ टक्के. यंत्रं अडगळीत गेली.

पोटाच्या दुखण्यात हे असं का होतं? ही दुखणी मुळातच चढ-उताराची. चार दिवस बरे, चार दिवस वाईट. आणि माणूस डॉक्टरकडं कधी येतो? पोट बरं असताना येतो का? दुखणं अगदी कळसाला पोचलं, रात्रभर करपट ढेकर आले, की सकाळी एसटीनं मिरज गाठतो. कळसावरून पुढं उतारच असतो. त्या उतारावर मी गोळी दिली तर गोळीनं फरक पडला, शेजारणीनं ओवा दिला तर ओव्यानं पडला. त्यात कुणीतरी शांतपणे बसून आपलं ऐकून घेतलं, याचाही गुण येतो. अशा त्रासात कोऱ्या गोळीवरसुद्धा शंभरातल्या तीस-चाळीस जणांना बरं वाटतं. म्हणून ‘फरक पडला’ असं कुणी म्हणालं की माझा एकच प्रश्न असतो, कुणाच्या मानानं पडला?

आता थायलंडकडं परत या. हळद आणि ओमेप्राझोल सारखे आले. दोन्ही गुणकारी असतील म्हणून सारखे आले असतील. किंवा पोटं आपोआपच शांत झाली असतील, म्हणूनही आकडे जुळले असतील. चौथा गट असता तर यातलं खरं काय ते कळलं असतं.

मात्रेचाही हिशेब करू, पेढीवरच्यांना तो आवडेल. त्या चाचणीत दिवसाला २ ग्रॅम कुरकुमिन होतं. हळदीत ते शेकडा तीन-चार धरलं तर ५० ते ६५ ग्रॅम पूड झाली. म्हणजे चहाचे वीसेक चमचे, रोज! एवढी हळद आमटीत घातली तर घरात कुणी जेवणार नाही. तेव्हा चाचणी कॅप्सूलची झाली होती, तुमच्या आमटीची नव्हे.

हळदीची बाजू घेण्यासारखंही काम झालंय. मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण पडतात, रक्त आणि आव पडते, तो अल्सरेटिव्ह कोलायटिस. जपानमध्ये २००६ साली, आजार दबलेल्या ८९ रुग्णांना नेहमीच्या औषधाच्या जोडीला निम्म्यांना २ ग्रॅम कुरकुमिन आणि निम्म्यांना कोरं औषध सहा महिने दिलं. सात जण मोजणीतून वगळले. आजार पुन्हा उलटला तो कुरकुमिनवाल्या ४३ पैकी २ जणांत, आणि कोऱ्यावाल्या ३९ पैकी ८ जणांत. चाचणी लहान आहे, पण तुलना सरळ आहे. मग आपल्याकडं दिल्लीच्या एम्समध्ये रोज ४५० मिलिग्रॅम देऊन पाहिलं, तर कोऱ्या गोळीपेक्षा काही जास्त गुण आला नाही. तो निबंध २०१७ साली छापला गेला. तो मला कुणीही पाठवला नाही. पंधरा जणांपैकी एकानंही नाही!

हे नेहमीचंच आहे. गुण आला नाही की बातमी होत नाही, आणि कधीकधी निबंधही होत नाही. म्हणून आता चाचणी सुरू होण्याआधीच तिची नोंद करावी लागते. आपल्या देशाची नोंदवही २००७ पासून इंटरनेटवर आहे, आणि १५ जून २००९ पासून नोंद सक्तीची झाली. ती कुणालाही उघडून बघता येते. काय मोजणार, किती रुग्ण घेणार, हे आधी लिहून ठेवलं की मागाहून गोलाचे खांब हलवता येत नाहीत.

शेवटी एक रुग्ण सांगतो. पन्नाशीच्या बाई होत्या, तासगावकडच्या. भूक मेली होती, लघवी गडद पिवळी, आणि या वेळी डोळेसुद्धा हळदीसारखे. हिपॅटायटिसच्या तपासण्यांत काही निघालं नाही. सोनोग्राफीत खडा नाही. दारूचा प्रश्नच नव्हता. “काही औषधं चालू?” “नाही.” तिसऱ्यांदा विचारल्यावर सुनेनं पिशवीतून बाटली काढली. गुडघ्यांसाठी कुणीतरी सांगितलेल्या हळदीच्या कॅप्सूल, त्यात मिरीचा अर्क.

ती मिरी बघून मी थबकलो. कुरकुमिन रक्तात फारसं जातच नाही. मिरीतल्या पिपेरिननं ते वीसपट जातं, हे बंगळुरूच्या सेंट जॉन्समधल्या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं. तेव्हापासून कॅप्सूलवाले मिरी घालतात. पुढं अमेरिकेत औषधांनी होणाऱ्या यकृताच्या इजेची नोंद ठेवणाऱ्यांनी २०२२ मध्ये हळदीच्या कॅप्सूलमुळं झालेले १० रुग्ण मांडले. त्यातल्या ७ जणांत एकच ठरावीक जनुक-प्रकार सापडला. म्हणजे ही इजा सगळ्यांना होत नाही. पण होणारा कोण, हे बाटलीवर लिहिलेलं नसतं.

बाईंना कॅप्सूल बंद करायला सांगितल्या. दर आठवड्याला रक्त तपासत गेलो. दोन महिन्यांत बिलिरुबिन, म्हणजे काविळीत रक्तात वाढणारं पिवळं द्रव्य, जागेवर आलं. माझाच प्रश्न मला लागू आहे, कुणाच्या मानानं? एका बाईवरून मी काही सिद्ध करत नाही, कदाचित कावीळ आपोआपही उतरली असती. पण कॅप्सूल पुन्हा देऊन बघायची माझी छाती झाली नाही, आणि तसं कुणी करूही नये.

शेवटच्या खेपेला त्या आल्या तेव्हा डोळे पांढरे होते. कागद पिशवीत ठेवता ठेवता त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, “डॉक्टर, मग आमटीत हळद घालू का नको?”

मी म्हटलं, “घाला की. चिमूटभर.”