निऱ्या, मांडी आणि कृत्रिम पाय

(दृश्य: ठाण्यातलं एक छोटं वर्कशॉप. टेबलावर कानस, पीओपीची भुकटी, अर्धवट घासलेला पांढरा साचा.)

हा पाय नव्हे, पायाचा साचा. मांडीच्या उरलेल्या भागाला इथे सगळे ‘स्टंप’ म्हणतात. त्यावर ओलं पीओपी बँडेज गुंडाळायचं, घट्ट झालं की अलगद उतरवायचं आणि त्या पोकळीत पुन्हा पीओपी ओतायचं. जो ठोकळा निघतो तो कानशीने घासत बसायचं. कुठे दोन मिलिमीटर काढायचे, कुठे हाडाला जागा सोडायची, ते करणाऱ्याच्या बोटांना कळतं. मग भट्टीत मऊ झालेला पॉलिप्रॉपिलीनचा पत्रा त्यावर ओढतात. झालं सॉकेट, म्हणजे स्टंप ज्यात बसतो ती वाटी. गुडघा, नळी, पाऊल तयार मिळतं. सॉकेट मात्र ज्याचं त्यालाच बसतं.

समोर बसलेल्या बाई, इथल्या मॅडम, लष्करात शॉर्ट सर्व्हिसवर, म्हणजे ठरावीक वर्षांच्या नोकरीवर होत्या. मेजर म्हणून बाहेर पडल्या, पाचपाखाडीत घर केलं. पुढे रस्ता अपघातात डावा पाय मांडीतून गेला. “सीमेवर गेला का, असं विचारतात. नाही म्हटलं की हिरमुसतात,” असं त्या सांगतात. नाव देऊ नका, एवढीच त्यांची अट.

(दृश्य: पट्ट्यांमधला पारदर्शक चाचणी सॉकेट. आत त्वचा कुठे पांढरी पडते ते दिसतं.)

मांडीवरचं सॉकेट बसण्याच्या हाडाच्या आधाराने उभं राहतं. पुरुषाची कंबर अरुंद, बाईची रुंद. मऊ थरही वेगळा. पुरुषांच्या साच्याच्या सवयीने कडा घासली, की ती जांघेत रुतते. पाळीच्या दिवसांत अंगावर सूज येते, स्टंपही फुगतो. मग काल नीट बसलेला पाय आज चढत नाही. सूज उतरली की तोच ढिला. त्यासाठी स्टंपवर घालायचे मोजे असतात, पातळ-जाड, ते कमी-जास्त करायचे. हे मॅडमना कुणी सांगितलं नव्हतं. सांगणारे सगळे पुरुष होते, आणि असल्या गोष्टी आपल्याकडे विचारायच्याही नसतात, सांगायच्याही नसतात.

जूनमध्ये सिलिकॉनच्या लायनरमध्ये, म्हणजे स्टंपवर चढवायच्या मऊ आवरणात, घाम साचतो आणि पाय सरकायला लागतो. लोकलमधून उतरलं की बाकडं गाठायचं, पाय काढायचा, पुसायचं, पुन्हा चढवायचा. साडी नेसलेल्या बाईने हे ठाणे स्टेशनवर कुठे करायचं?

साडीचं प्रकरण तर वेगळंच. कृत्रिम पावलाचा चवडा स्वतःहून उचलला जात नाही, म्हणून पुढच्या निऱ्या त्यात अडकतात. अंगठ्याची चप्पल घालायची तर पावलात अंगठ्याजवळ फट हवी. ती असलेली पावलं मिळतात, पण मागावी लागतात. अनवाणी चालायची, उकिडवं बसायची सोय जयपूर फूटने १९६८पासून दिली. डॉ. पी. के. सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी ते आपल्या माणसांच्या बसण्या-उठण्याकडे बघून घडवलं.

(दृश्य: क्लोज-अप. गुडघ्याच्या वर बसवलेली धातूची चकती. बोट बटण दाबतं, पोटरी गर्रकन आडवी फिरते.)

हा फिरता जोड. बटण दाबलं की खालचा पाय वळतो आणि मांडी घालता येते. पूजेला बसता येतं, पंगतीत बसता येतं. मॅडमना तो साडीवरून चाचपून दाबावा लागतो. “बटण जरा बाहेरच्या बाजूला घ्या हो दादा,” त्या म्हणतात. दादा, म्हणजे इथले कारागीर, जोड सोडवून पुन्हा बसवतात. असली दुरुस्ती कुठल्याच कॅटलॉगात सापडणार नाही.

लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र पुण्यात १९४४ साली, दुसऱ्या महायुद्धात सुरू झालं. तेव्हा पाय गमावून येणारे बहुतेक पुरुषच होते. परिचारिका आणि डॉक्टर सोडल्या तर बायकांना अधिकारी म्हणून प्रवेश १९९२पासून. पुढे शॉर्ट सर्व्हिसची मर्यादा १४ वर्षांपर्यंत गेली, आणि पेन्शनला लागतात २० वर्षं! म्हणजे उमेदीची वर्षं वर्दीत घालवून बाई बाहेर पडायची ती पेन्शनविना. २००३ची माजी सैनिकांची आरोग्य योजना, ईसीएचएस, पेन्शनलाच बांधलेली. शॉर्ट सर्व्हिसवाल्यांना ती २०१९मध्ये खुली झाली. बायकांना स्थायी कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची नोकरी, देण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला १७ फेब्रुवारी २०२० रोजी. मॅडमचा पहिला कृत्रिम पाय या सगळ्याआधीचा, घरच्या पैशांतून झालेला.

अमेरिकेत बायकांच्या कृत्रिम पायांचा प्रश्न इराक युद्धाने समोर आणला. एप्रिल २००४मध्ये बगदादला रस्त्याकडेच्या स्फोटात लष्करी अधिकारी मेलिसा स्टॉकवेल यांचा डावा पाय गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हेलिकॉप्टरवर हल्ला होऊन पायलट टॅमी डकवर्थ यांचे दोन्ही. एकीने २०१६च्या रिओ पॅरालिम्पिकमध्ये कांस्य पटकावलं, दुसरी सिनेटर झाली. तिथलं माजी सैनिक खातं कर्करोगानंतरचं कृत्रिम स्तनही कृत्रिम अवयवांच्या यादीत धरतं. ते बरोबरच आहे. एका बाजूचं वजन गेलं की खांदा आणि पाठ बिघडते, त्यामुळे हा प्रश्न निव्वळ दिसण्याचा राहत नाही.

(दृश्य: ठाणे-वाशी लोकल, दिव्यांगांचा डबा.)

पायघोळ सलवारीत पाय दिसत नाही. दारातला माणूस म्हणतो, “ताई, लेडीज डबा पुढे आहे.” मॅडम पोटरीवर टिचकी मारतात. टक्क असा आवाज येतो. तो बाजूला होतो.

आज त्यांना टाचेचा बूट हवाय, तुकडीतल्या मैत्रिणींचा मेळावा आहे म्हणून. दादा मान हलवतात. पाऊल बसवतानाच टाचेची उंची धरलेली असते. बूट बदलला की तोल पुढे जातो आणि गुडघा दगा देतो. टाच कमी-जास्त करता येणारी पावलं आहेत, महाग आहेत. “बूट आधी आणा मॅडम, पाऊल मग ठरवू.”

मॅडमनी पिशवीतून बुटांचे दोन जोड काढले आणि विचारलं, यातल्या कुठल्यावर स्वस्तात भागेल?