गणिताची पदवी आणि ‘तुघलक’

श्रोतेहो, नमस्कार.

नाटककार कॉलेजात काय शिकला, याची चौकशी आपण फारशी करत नाही. साहित्यच शिकला असणार, असं धरून चालतो. गिरीश कार्नाडांनी मात्र धारवाडच्या कर्नाटक कॉलेजातून 1958 साली पदवी घेतली ती गणित आणि संख्याशास्त्राची. त्यामागे गणिताचं वेड वगैरे काही नव्हतं. परदेशी जायचं तर शिष्यवृत्ती हवी, शिष्यवृत्तीला पहिला वर्ग हवा, आणि पहिला वर्ग गणितात मिळतो. उत्तर बरोबर आलं की मार्क पदरात पडले! आणि परदेशी जाऊन करायचं काय, तर म्हणे इंग्रजीत कविता.

माथेरानला जन्मलेला, घरी कोकणी बोलणारा, शिरसी-धारवाडात वाढलेला हा मुलगा. पुढच्या शिक्षणासाठी तो मुंबईत आला आणि तिथं त्यानं इब्राहिम अल्काझींनी बसवलेलं स्ट्रिंडबर्गचं ‘मिस ज्युली’ पाहिलं. रंगमंचावरचे दिवे हळूहळू मंदावतात आणि पुन्हा उजळतात, हे त्याला नवं होतं. कंदील-पेट्रोमॅक्सच्या उजेडात नाटकं पाहिलेल्या माणसाला ते केवढं वाटलं असेल! विद्यापीठानं काही दिलं असेल-नसेल, पण त्याला मुंबईत आणलं, हे उपकार मोठेच.

मग ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळाली. ऑक्सफर्डला निघायची तयारी सुरू झाली आणि घरात ताण. मुलगा शिकून परत येणार की तिकडंच राहणार? त्या दिवसांत कार्नाड लिहायला बसले आणि कवितेऐवजी नाटक उतरलं, तेही इंग्रजीत नाही, कन्नडमध्ये. विषय महाभारतातला, बापाचं म्हातारपण अंगावर घेणाऱ्या मुलाचा. हे ‘ययाती’, 1961 साली छापलं गेलेलं. पुढे त्यांनी स्वतःच सांगितलंय, की त्याचा घाट लहानपणी पाहिलेल्या पौराणिक नाटकांचा नव्हता. तो आला होता आनुई, सार्त्र, ओनील आणि ग्रीक नाटककारांकडून, म्हणजे तोवर फक्त पुस्तकात वाचलेल्या मंडळींकडून.

आता एक जागा जरा जवळून पाहू. ययाती हा बाप, पुरू त्याचा मुलगा, आणि पुरूची बायको चित्रलेखा. मूळ कथेत ती नाही, कार्नाडांनी उभी केली. नवऱ्यानं आपलं तारुण्य सासऱ्याला देऊन टाकलंय. ती सासऱ्यासमोर उभी राहते आणि म्हणते, तुम्ही माझ्या नवऱ्याचं तारुण्य घेतलंत ना, मग त्याच्याबरोबर मलाही घ्या. ययाती हादरतो. तिचं मागणं अभद्र आहे, पण त्यात चूक कुठे दाखवणार? एक विधान मान्य केलं की दुसरं मान्य करावंच लागतं. मधून पळवाट नाही. ती शेवटी विष घेते. मला हा प्रसंग गणिताच्या विद्यार्थ्यानं लिहिल्यासारखा वाटतो. कार्नाडही म्हणत, की रचनेतले भाग एकमेकांना कसे बांधलेले असतात, हे त्यांना गणितानं दाखवलं.

पण माझं प्रामाणिक मत सांगतो. ‘ययाती’त वाचन अजून पचलेलं नाही. पात्रं भांडतात कमी, युक्तिवाद जास्त करतात. खुद्द कार्नाडांचंही त्या नाटकावर पूर्ण समाधान नव्हतं. त्याचा इंग्रजी अनुवाद बाहेर यायला चार दशकांहून जास्त काळ गेला.

‘तुघलक’ आलं 1964 साली. मधल्या काळात ऑक्सफर्डला तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र असा तिहेरी अभ्यास झाला होता. कन्नडमध्ये इतिहासाला भिडणारं चांगलं नाटक नाही, अशी समीक्षक कीर्तिनाथ कुर्तकोटींची तक्रार होती. ती मनावर घेऊन कार्नाड इतिहासाची पुस्तकं वाचत बसले आणि मुहम्मद तुघलकापाशी येऊन थांबले. त्या तीन विषयांची नावं पुन्हा आठवा. तर्कानं राज्य चालवू पाहणारा, राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवणारा, तांब्याच्या नाण्याला चांदीचा भाव देणारा सुलतान. त्या अभ्यासातून आलेल्या तरुणाला दुसरा कोण सापडणार? नाटकाच्या सुरुवातीलाच हा सुलतान बुद्धिबळातलं एक नामांकित कोडं सोडवल्याचं सावत्र आईला आनंदानं सांगतो. पटावर त्याला सगळं जमतं.

तरी ‘तुघलक’ उभं राहिलं ते अभ्यासावर नाही. शिरसीला वडील सरकारी डॉक्टर, त्यामुळे गावात येणाऱ्या नाटक कंपन्यांचे पास घरी यायचे. त्या नाटकांत मागे महालाचा प्रवेश लावत असताना पुढे रस्त्याचा रंगवलेला पडदा सोडून विनोदी पात्रांना खेळवत. आपल्याकडच्या जुन्या संगीत नाटकांतही हेच चालायचं. कार्नाडांनी ती युक्ती जशीच्या तशी उचलली. महालात सुलतान, पडद्यापुढे अझीज धोबी. हा अझीज ब्राह्मणाचं सोंग घेऊन सुलतानावरच दावा लावतो आणि जिंकतो! पुढे सुलतानाच्या प्रत्येक नव्या फर्मानातून तो पैसा काढतो: स्थलांतरातून, खोट्या नाण्यांतून. लिहिता लिहिता पडद्यापुढचं पात्र आवरेना, असं कार्नाडांनी नोंदवलंय. तेराव्या म्हणजे शेवटच्या प्रवेशात दोघे समोरासमोर येतात, तेव्हा सुलतानाला या भामट्याला शिक्षाही करता येत नाही, कारण त्याची सगळी करामत सुलतानाच्याच धोरणांवर चाललेली असते. चित्रलेखेनं ययातीला जसं कोंडीत पकडलं, तशीच ही कोंडी. फक्त इथं वाद घालावा लागत नाही, अझीज नुसता समोर उभा राहिला तरी पुरतं.

हे नाटक विजय तेंडुलकरांनी मराठीत आणलं. 1971 साली ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेनं अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली ते रंगभूमीवर आणलं, आणि सुलतान होते अरुण सरनाईक. तेंडुलकरांचं भाषांतर वाचायला घेतलंत तर पहिला आणि तेरावा प्रवेश लागोपाठ वाचा. मधले अकरा नंतर.

नमस्कार.